वेब प्रोग्रॅमिंगचे पुस्तक निवडताना : तीस वर्षांच्या ग्रंथेतिहासाची साक्ष (थ्रेड)

१/
‘वेब ॲप्लिकेशन लिहायला शिकायचे आहे, एखादे चांगले पुस्तक सांगा’ हा प्रश्न गेली तीस वर्षे विचारला जात आहे. उत्तर मात्र सतत बदलत आले आहे. १९९६ मध्ये ज्या पुस्तकाचे नाव निःशंकपणे सांगितले गेले असते, ते २००६ मध्ये कोणी सुचवले नसते. आणि २००६ मधले २०१६ मध्ये नाही. असे का घडले हे उमगले, तर दुसऱ्याला नाव विचारण्याची गरज बरीच कमी होते. या थ्रेडमध्ये या ग्रंथांचा इतिहास पाहू आणि त्यातून निवडीची कसोटी शोधू.

२/
प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, तसा तो नाही. जुने पुस्तक नकळत हाती आलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच अडतो. पुस्तकातला कोड अक्षरशः उतरवूनही पडद्यावर चूक दिसते. पुस्तक छापील, लेखक नामवंत. तेव्हा चूक आपलीच असणार, हे काम आपल्याला जमणारे नाही, असे तो ठरवून टाकतो. वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नसतो, पुस्तकाच्या सालाचा असतो. याहून गंभीर प्रकार आणखी एक आहे : जुना पाठ बिनचूक चालतो, पण तो शिकवतो ते असुरक्षित असते. त्याकडे पुढे येऊ.

३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद हाती आल्यावर चार प्रश्न विचारायला शिकवतात : कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कशाच्या आधारे लिहिला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी तपासण्याची सवय मराठी वाचकाला लागली, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. हीच सवय प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकालाही लावता येते, आणि तिथे ती आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते.

४/
आरंभ वेबच्या आधीपासून करावा लागतो, कारण ‘एकच उत्तम पुस्तक’ ही अपेक्षा तिथून आली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ निघाले. पाने सव्वादोनशेच्या आसपास. दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि ती आजही वाचली जाते. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने असेच स्थान मिळवले, अभियांत्रिकीच्या कित्येक तुकड्या त्या एका पुस्तकावर सी शिकल्या. एक भाषा, एक पुस्तक आणि पुस्तक पुरे झाले की विषय आला, असा हा अनुभव होता.

५/
वेबच्या बाबतीत हा अनुभव लागू पडत नाही. वेब ॲप्लिकेशन ही एकाच भाषेत उभी केलेली वस्तू नसते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील बोलण्याचा नियम म्हणजे एचटीटीपी. पानाची रचना एचटीएमएलची. पानावरील हालचाल जावास्क्रिप्टची. सर्व्हरवरील कामकाज पीएचपी, पायथन, रूबी अशा एखाद्या भाषेचे. माहितीचा साठा डेटाबेसमध्ये आणि त्याच्याशी संवाद एसक्यूएलचा. या सगळ्यांवर एखादे फ्रेमवर्क. उत्खननात जसे थर लागतात तसे हे थर आहेत. प्रत्येक थराचे वय निराळे आणि जुना होण्याचा वेगही निराळा.

६/
सर्वांत खालचा थर किती टिकाऊ आहे ते पाहा. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्या आरंभकाळातील पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. एचटीटीपी १.० चा दस्तऐवज मे १९९६ चा आहे. त्यातील ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ या विनंत्या, पान न सापडल्याची ४०४ ही खूण, हे सारे आजही त्याच अर्थाने वापरात आहे.

७/
एसक्यूएल त्याहूनही जुनी. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये आयबीएममधील चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिच्यासाठी भाषा सुचवली, तीच पुढे एसक्यूएल झाली. म्हणजे आज कोणी वेब शिकायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर पन्नास वर्षांपूर्वीचा एक थर, तीस वर्षांपूर्वीचे दोन-तीन थर आणि गेल्या वर्षी बदललेला एक थर एकत्र येतात. पुस्तक यांपैकी कोणत्या थराला किती पाने देते, यावर त्याचे आयुष्य ठरते.

८/
आता प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळू. सुरुवातीची पाने स्थिर होती : फाइल ठेवली, ती वाचणाऱ्याला दिसली. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात ‘कॉमन गेटवे इंटरफेस’, म्हणजे सीजीआय, ही पद्धत पुढे आली. वाचकाने फॉर्म भरला की सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्रॅम चालवी आणि तो जे छापील ते वाचकाला पाठवी. वेब ॲप्लिकेशनचा जन्म इथला. या कामासाठी हाताशी होती ती लॅरी वॉल यांची १९८७ मधील पर्ल भाषा. मजकूर कापण्या-जोडण्यात ती तरबेज होती.

९/
पर्लचे मुख्य पुस्तक, मुखपृष्ठावर उंट असलेले ‘प्रोग्रॅमिंग पर्ल’, १९९१ मध्ये, म्हणजे वेब प्रोग्रॅमिंग हा विषय जन्मण्यापूर्वीच निघाले होते. १९९६ मध्ये त्याच ओरायली प्रकाशनाने शिशिर गुंडावरम यांचे ‘सीजीआय प्रोग्रॅमिंग ऑन द वर्ल्ड वाइड वेब’ काढले. आज ते उघडले तर काय दिसते? प्रत्येक विनंतीसाठी नवा प्रोग्रॅम सुरू करण्याची रीत मोठ्या संकेतस्थळांवरून कधीच हटली. पण विनंती येते कशी, फॉर्मातील मजकूर सर्व्हरपर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, सर्व्हरला आधीच्या विनंतीची आठवण का नसते, ही प्रकरणे जिवंत आहेत.

१०/
त्याच सुमारास दुसरी एक ग्रंथपरंपरा बाजारात आली : मुदतीची पुस्तके. लॉरा लेमे यांचे एका आठवड्यात एचटीएमएल शिकवणारे पुस्तक १९९५ चे. पाठोपाठ २१ दिवस, २४ तास अशा मुदतींची रांग लागली. यांतील काही पुस्तके मनापासून लिहिलेली होती. लेमे यांचे त्यांपैकीच. पण मुदत हीच जाहिरात झाली. २००१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी याला उत्तर म्हणून निबंध लिहिला आणि प्रोग्रॅमिंग शिकायला दहा वर्षे लागतात असे शीर्षकातच सांगितले. तेव्हा मुखपृष्ठावरची मुदत हा विक्रेत्याचा शब्द समजावा, शिक्षकाचा नव्हे.

११/
मुदतीच्या पुस्तकांच्या गर्दीत एक वेगळे पुस्तक १९९९ मध्ये आले. एमआयटीशी संबंधित फिलिप ग्रीनस्पन यांचे ‘फिलिप अँड ॲलेक्सेस गाइड टू वेब पब्लिशिंग’. यातील ॲलेक्स हा लेखकाचा कुत्रा! त्यांनी वापरलेली साधने, एओएलसर्व्हर आणि टीसीएल, आज नव्याने शिकणारा जवळपास कोणी उरलेला नाही. पण पुस्तक मुळात विचारते ते असे : संकेतस्थळावर माणसे कशासाठी येतात, त्यांनी लिहिलेले कुठे साठवायचे, एकाच वेळी अनेकांनी तीच नोंद बदलली तर काय करायचे. यातून पुढे एमआयटीचा अभ्यासक्रम उभा राहिला आणि २००६ मध्ये त्याचे स्वतंत्र पुस्तकही झाले. साधने गेली, प्रश्न राहिले.

१२/
सर्वसामान्यांपर्यंत वेब प्रोग्रॅमिंग नेले ते पीएचपीने. रास्मुस लेरडॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये आपल्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधने जाहीर केली. मे २००० मध्ये पीएचपी ४ आली. एचटीएमएलच्या मधोमध कोड लिहिता येई आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर तो चाले. २००१ मध्ये ल्यूक वेलिंग आणि लॉरा थॉमसन यांचे ‘पीएचपी अँड मायएसक्यूएल वेब डेव्हलपमेंट’ निघाले. शॉपिंग कार्ट, ईमेल सेवा असे पूर्ण प्रकल्प करून दाखवणारे हे पुस्तक; त्याची पाचवी आवृत्ती २०१६ मध्ये आली. नव्या आवृत्त्या का लागल्या, यातच पुढची गोष्ट दडली आहे.

१३/
पीएचपीत ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची सोय होती. पत्त्याच्या ओळीतून आलेली कोणतीही माहिती थेट प्रोग्रॅममधील व्हेरिएबल बनून जाई. नवशिक्याला सोपे, पण बाहेरच्या कोणालाही प्रोग्रॅमच्या आतली किंमत ठरवू देणारे. एप्रिल २००२ मधील पीएचपी ४.२.० पासून ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली आणि मार्च २०१२ मधील ५.४ मध्ये ती काढूनच टाकली. म्हणजे २००२ पूर्वीच्या पुस्तकातील पहिलाच फॉर्म नंतरच्या सर्व्हरवर मुकाट्याने रिकामा राही. विद्यार्थ्याने कोड तपासावा की पुस्तकाचे साल, हे त्याला कोणी सांगितलेले नसे.

१४/
यापेक्षा मोठे प्रकरण एसक्यूएल इंजेक्शनचे. फॉर्मात भरलेले नाव डेटाबेसच्या आज्ञेत नुसते चिकटवले, तर नावाच्या जागी कोणी आज्ञेचाच तुकडा लिहू शकतो, आणि डेटाबेस तो निमूटपणे पाळतो. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखात हा मार्ग मांडला गेला. २००१ मध्ये वेब सुरक्षेसाठी ओवास्प ही संस्था सुरू झाली. २००३ मध्ये तिने धोक्यांची पहिली दहाची यादी काढली. उपायही अवघड नव्हता : आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवायची. तरीही चिकटवण्याचे पाठ पुढे बरीच वर्षे चालू राहिले.

१५/
त्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. २०१७ मध्ये काही संशोधकांनी लोकप्रिय ऑनलाइन पाठांतील सदोष कोडचे तुकडे घेतले आणि गिटहबवरील ६४,४१५ पीएचपी प्रकल्पांत त्यांच्यासारखे तुकडे शोधले. रचनेने पाठांशी घट्ट साम्य असलेले ११७ दोष त्यांना सापडले. अभ्यास ऑनलाइन पाठांचा होता, छापील ग्रंथांचा नव्हे. पण नकलेची रीत तीच. शिकवणाऱ्याने सोपेपणासाठी घेतलेली सूट शिकणाऱ्याच्या प्रकल्पात जाते, आणि तिथून खऱ्या माणसांच्या पासवर्डपर्यंत आणि पत्त्यांपर्यंत.

१६/
पाठचिकित्सेशी परिचय असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. पोथ्यांचे कूळ लावताना तिथे एक तत्त्व कामी येते : दोन पोथ्यांत तोच विचित्र पाठ आढळला, तर त्यांचा उगम एकाच मूळ पोथीत असण्याची शक्यता बळावते. बरोबर पाठ कुठेही बरोबर असू शकतो. समान चूक मात्र नाते सांगते. २०१७ च्या संशोधकांनी नेमके हेच केले. फरक इतकाच की इथला लेखनिक शिकाऊ प्रोग्रॅमर होता.

१७/
२००४-०५ मध्ये युग पालटले. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकँप हे ॲप्लिकेशन बांधताना घडलेले फ्रेमवर्क वेगळे काढून ‘रूबी ऑन रेल्स’ या नावाने २००४ मध्ये जाहीर केले. डेव्ह थॉमस यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘ॲजाइल वेब डेव्हलपमेंट विथ रेल्स’ २००५ मध्ये निघाले, रेल्स १.० त्यानंतर, डिसेंबर २००५ मध्ये. म्हणजे पुस्तक आधी, विषय पक्का नंतर! प्रकाशकाने अपुरे पुस्तकच ‘बीटा’ म्हणून विकले आणि वाचकांनी चुका कळवल्या. पुस्तकांच्या दुकानाचे ॲप्लिकेशन पायरीपायरीने उभारत नेणारे हे पुस्तक शिकवण्याचा उत्तम नमुना आहे. पण प्रत्येक आवृत्ती रेल्सच्या ठरावीक आवृत्तीला बांधलेली.

१८/
पायथनच्या जँगोची कथा याला पूरक आहे. कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले हे फ्रेमवर्क जुलै २००५ मध्ये खुले झाले. त्याच्या कर्त्यांपैकी एड्रियन होलोवाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांचे पुस्तक डिसेंबर २००७ मध्ये छापून आले, ते ०.९६ या आवृत्तीवर. सप्टेंबर २००८ मध्ये जँगो १.० आले. फॉर्म हाताळण्याची आणि प्रशासनपानाची रीत तोवर बदलली होती. खुद्द निर्मात्यांनी लिहिलेला ग्रंथ नऊ महिन्यांत मागे पडला. दुसरी आवृत्ती २००९ मध्ये काढावी लागली. लेखक कितीही अधिकारी असला तरी सालापुढे त्याचे चालत नाही.

१९/
ब्राउझरच्या बाजूची भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत केला. डेव्हिड फ्लॅनगन यांचे गेंड्याच्या मुखपृष्ठाचे ‘जावास्क्रिप्ट : द डेफिनिटिव्ह गाइड’ १९९६ मध्ये आले आणि भाषेबरोबर वाढत गेले. २०११ च्या सहाव्या आवृत्तीने हजार पाने ओलांडली. २०२० च्या सातव्या आवृत्तीत ती सातशेच्या आसपास आली. ब्राउझरच्या आज्ञांची संदर्भसूची तोवर ऑनलाइन उपलब्ध होती. ती कागदावर छापण्यात अर्थ उरला नव्हता. ग्रंथ रोडावला, तो शहाणपणाने.

२०/
मधल्या काळात, २००८ मध्ये, डग्लस क्रॉकफर्ड यांचे ‘जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स’ निघाले. जेमतेम दीडशे-पावणेदोनशे पानांचे. भाषेत चांगले काय आणि टाकाऊ काय, हे निर्भीडपणे सांगणारे. फंक्शन ही या भाषेची खरी ताकद आहे, हे अनेकांना त्याने पटवले. पण जून २०१५ मध्ये भाषेची नवी प्रमाण आवृत्ती आली. लेट, कॉन्स्ट, क्लास, मॉड्यूल, प्रॉमिस हे सारे तिच्यात प्रथमच प्रमाण झाले. क्रॉकफर्ड यांनी ज्या उणिवांवर युक्त्या सांगितल्या, त्यांतील काहींवर भाषेनेच औषध दिले. आज हे पहिले पुस्तक म्हणून देऊ नये. दुसरे-तिसरे म्हणून जरूर वाचावे.

२१/
नावाचा घोळही ध्यानात ठेवावा. गूगलचे ‘अँग्युलरजेएस’ २०१० चे. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले ‘अँग्युलर २’ मुळापासून नव्याने लिहिलेले. जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. दोन भिन्न वस्तू, नाव जवळपास एकच. जुन्या पुस्तकांच्या ढिगात हा फरक दिसत नाही. रिॲक्ट २०१३ पासून त्याच नावाने आहे, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘हुक्स’ आल्यावर लिहिण्याची शैलीच बदलली. एकाच नावाच्या दोन पेशव्यांची पत्रे एकत्र ठेवावीत, तसा हा प्रकार. साल पाहिल्याविना उलगडा होत नाही.

२२/
आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. परदेशी ग्रंथांच्या स्वस्त भारतीय प्रतींमुळे हे ज्ञान इथल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सने काढलेल्या ओरायलीच्या भारतीय प्रती अनेकांच्या कपाटात आहेत. पण अशा प्रतीवर पुनर्मुद्रणाचे साल असते आणि मूळ आवृत्तीचे साल वेगळे असते. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. आवृत्ती म्हणजे मजकूर सुधारणे. अप्पा बळवंत चौकात नवे कोरे दिसणारे किंवा फोर्टच्या पदपथावर निम्म्या किमतीत मिळणारे पुस्तक हाती घेतले की शीर्षकपानाची मागची बाजू वाचावी. कोरेपणा कागदाचा असतो, मजकुराचा असेलच असे नाही.

२३/
कधी शीर्षकच शिलालेखासारखे काळ सांगते. आयव्हन बेरॉस यांचे बीपीबी प्रकाशनाचे पुस्तक महाविद्यालयांत बरेच वापरले गेले. त्याच्या लांबलचक नावात एचटीएमएल, डीएचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पर्ल सीजीआय ही साधने ओळीने येतात. हे चार शब्द एकत्र दिसले की शतकाच्या वळणावरचा काळ ओळखावा. त्या काळच्या विद्यार्थ्यासाठी ते योग्य होते. पुस्तकाला त्याच्या काळात पाहून न्याय द्यावा आणि आपल्या गरजेने पाहून निवड करावी; या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

२४/
आता कसोटी. पहिली, शीर्षकपानामागचे पान : आवृत्ती कोणती, साल कोणते, साधनाची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे. ती त्या साधनाच्या अधिकृत संकेतस्थळावरील आजच्या आवृत्तीशी ताडून पाहावी.
दुसरी, अनुक्रमणिका : एचटीटीपी, कुकी, सेशन, डेटाबेसची रचना यांना स्वतंत्र जागा आहे का? सगळी पाने फ्रेमवर्कच्या आज्ञांवर खर्ची पडली असतील, तर पुस्तकाचे आयुष्य त्या आज्ञांइतकेच.

२५/
तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. डेटाबेसचे प्रकरण उघडावे. फॉर्मातून आलेले नाव आज्ञेत थेट जोडले असेल, तर पुस्तक खाली ठेवावे. आज्ञेत जागा मोकळी ठेवून माहिती वेगळी दिली असेल, तर लेखक जबाबदार आहे. मग पासवर्डचे पान पाहावे : पासवर्ड जसाच्या तसा किंवा नुसत्या एमडी५ ने साठवायला सांगितला असेल, तर तेही नापास. पीएचपीत यासाठी पासवर्ड हॅशची तयार सोय २०१३ पासून आहे. जुन्या मायएसक्यूएल आज्ञा तर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकल्या आहेत. ही दोन पाने दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत वाचून होतात.

२६/
चौथी, पूर्ण प्रकल्प : सुटी उदाहरणे पुष्कळ असण्यापेक्षा एक ॲप्लिकेशन आरंभापासून शेवटपर्यंत उभारलेले असावे, आणि मध्ये वाचकाने स्वतः करायचे काम असावे. पाचवी, शुद्धिपत्र : प्रकाशकाच्या किंवा लेखकाच्या संकेतस्थळावर दुरुस्त्यांची यादी असेल तर तो दोष नसून गुण आहे, पुस्तकाची देखभाल होते आहे, हे त्यातून कळते. सहावी, नमुना प्रकरण : अनेक प्रकाशक एखादे प्रकरण विनामूल्य देतात. पैसे मोजण्यापूर्वी त्यातला कोड आपल्या संगणकावर चालवून पाहावा.

२७/
छापील पुस्तकाची किंमत परवडत नसेल तर मरेन हावरबेके यांचे ‘एलोक्वेंट जावास्क्रिप्ट’ पाहावे. ते संपूर्ण ऑनलाइन विनामूल्य आहे. दुसरी आवृत्ती २०१४, तिसरी २०१८ आणि चौथी २०२४ मध्ये आली. भाषा शिकवता शिकवता ब्राउझर आणि नोडपर्यंत ते नेते, आणि बहुतेक प्रकरणांना स्वाध्याय आहेत. सोपे मात्र नाही. मध्यावर दमछाक होते, ती गृहीत धरावी. विनामूल्य म्हणजे हलके नव्हे, तसेच ऑनलाइन म्हणजे ताजेही नव्हे. साल तिथेही पाहावेच.

२८/
माझ्या मते एका पुस्तकाचा शोध सोडून जोडी निवडावी. एक हळू म्हातारे होणारे : एचटीटीपी, एसक्यूएल, जावास्क्रिप्टची मूळ भाषा यांपैकी कशावर तरी, ते दहा वर्षे पुरेल, जुने घेतले तरी चालेल, उसने आणले तरी चालेल. दुसरे ताजे : निवडलेल्या फ्रेमवर्कचे, चालू आवृत्तीचे, ते दोन-तीन वर्षांत शिळे होणार, हे ठाऊक असूनच घ्यावे. दोहोंत वाद झाला तर निवाडा अधिकृत दस्तऐवजाचा. बखर आणि अस्सल पत्र यांत मतभेद असला की आपण कोणाचे ऐकतो, ते आठवावे.

२९/
‘आता प्रश्न विचारला की कोड लिहून देणारी साधने आली, पुस्तक कशाला?’ असे कोणी म्हणेल. ती साधनेही याच जुन्या-नव्या मजकुरावर घडली आहेत. २००१ ची पद्धत आणि २०२१ ची पद्धत दोन्ही त्यांच्या पोटात आहेत. समोर आलेला पाठ कोणत्या काळातला हे ओळखण्याची नजर वापरणाऱ्याकडेच असावी लागते, आणि ती नजर थर समजून घेतल्याशिवाय येत नाही. सलग विचार मांडणाऱ्या चांगल्या पुस्तकाचे काम इथे संपत नाही, उलट वाढते.

३०/
या तीस वर्षांच्या ग्रंथांत एकही असा नाही की जो पूर्णपणे खोटा ठरला. आणि एकही असा नाही की जो पूर्णपणे आजचा राहिला. प्रत्येकात टिकलेली काही पाने आहेत आणि गळून पडलेली काही. ती वेगळी करता येणे, हेच या विषयातले पहिले शिक्षण. म्हणून पुढच्या वेळी पुस्तकातला कोड चालला नाही, तर स्वतःच्या बुद्धीवर संशय घेण्याआधी शीर्षकपान उलटून मागचे साल वाचा. पुष्कळदा उत्तर तिथेच छापलेले असते.

(थ्रेड समाप्त. यंदा वेब शिकायला बसणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांच्यापर्यंत पोहोचवावा.)